संविधान वाचायला घेतलंयस तर आधी कलम २२ बघ

वस्तीत लोकांच्या हक्कांचं काम सुरू करतोयस, त्यासाठी संविधान कुठून वाचू आणि कुठल्या चुका टाळू असं विचारतोयस, हे वाचून खरंच बरं वाटलं. पण एक सांगतो, अख्खं संविधान पहिल्या पानापासून वाचत बसू नकोस, नवीन लोक तिथंच अडकतात आणि महिन्याभरात पुस्तक कपाटात जातं. सुरुवातीला १४ (कायद्यापुढे सगळे समान), २१ (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आणि २२ (अटक झालेल्या माणसाचे हक्क) एवढी तीन कलमं पक्की कर.

त्यातही २२ आधी, कारण रात्री फोन येतो तो याचसाठी, "पोराला उचलून नेलंय". तेव्हा एवढं डोक्यात ठेव:

- अटक का केली ते सांगावंच लागतं
- आपल्या पसंतीचा वकील गाठायचा हक्क आहे
- २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं

अटकेची वेळ कागदावर काय टाकलीय ते आधी बघ, २४ तासांचा हिशोब तिथूनच निघतो. डी. के. बसू खटल्यात १९९६ ला सुप्रीम कोर्टाने अटकेचा मेमो (अटकेची तारीख-वेळ लिहिलेला कागद) आणि घरच्यांना कळवणं बंधनकारक केलं, तेही विसरू नकोस.

चुका म्हणशील तर, ठाण्यात जाऊन कलमांचे नंबर फेकत भांडायचं नाही, शांतपणे विचारायचं आणि लिहून घ्यायचं. कोऱ्या कागदावर सही तर कुणालाच करू देऊ नकोस. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरचे गप्प बसतात, हे मला सगळ्यात जास्त टोचतं, कारण कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज करायचा.

रिट (हक्क मोडला तर थेट हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्टात करायचा अर्ज) वगैरे नंतर बघू, आधी त्या समितीचं ऑफिस बघून ये.