तांडा चालतो की वसतो?

प्रश्न असा : "तांडा म्हणजे फिरणाऱ्यांचा जथा ना? मग गावाच्या पाटीवर 'तांडा' कसा?"

बंजाऱ्यांचा जथा हा जुना अर्थ, त्यांची वस्ती हा आजचा. मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. पाठीला पिशवी लावून चार दिवस हिंडून आलेला कुणीही हल्ली "मी मनाने बंजारा" म्हणतो. बंजारा म्हणजे वाट फुटेल तिकडे जाणारा, हे ठरवलं कुणी?

या गैरसमजाला 'वनचर' ही व्युत्पत्ती खतपाणी घालते. ती चांगल्या जाणत्यांनीही मान्य केली आहे, पण ती साफ चूक आहे. वनचरचं प्राकृतात 'वणयर' होतं, मधला च गळतो. मग बंजाऱ्यातला ठसठशीत 'ज' आला कुठून? तो 'वाणिज्य'मधल्या 'ज्य'चा! वाणिज्यकार, त्यावरून गुजराती वणजारो, हिंदी बनजारा, आपला वंजारी (तो समाज आज वेगळा, पण शब्द हाच). म्हणजे बंजारा हा शब्द व्यापार करणाऱ्या 'वाणी'चा सख्खा भाऊ. केवढी सुंदर गोष्ट आहे ही! बंजाऱ्यांचं दुसरं नाव 'लमाण', तेही माझ्या मते 'लवण'चंच. लांबच लांब रांग म्हणून 'लंब', असं सांगणाऱ्यांनी बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांत काय होतं ते पाहायला हवं होतं. मीठ होतं, धान्य होतं. या मालवाहतुकीला त्यांच्या गोरबोलीत लदेणी म्हणतात. बैल, माणसं, माल मिळून तांडा, आणि त्याचा प्रमुख नायक.

रेल्वे आणि पक्के रस्ते आले, लदेणी बसली. वर १८७१ च्या कायद्याने अनेक फिरत्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का १९५२ साली पुसला, म्हणून 'विमुक्त'. तांडे जागोजाग थांबले, शेतीला लागले. नायक हे पद 'नाईक' असं आडनाव झालं. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, आणि त्यांच्या नावाच्या सरकारी योजनेत 'तांडा वस्ती' असाच शब्द आहे.

तेव्हा पाटी बरोबर आहे. त्या तांड्यातली कितीतरी माणसं आजही दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. पण तेव्हा त्यांना कुणी तांडा म्हणत नाही. मुकादमाची 'टोळी' जाते, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. तांडा मागे राहतो, म्हातारी माणसं आणि कुलूप लावलेली घरं घेऊन.