एक दिवस चुकला की सगळंच सुटतं

"मला शिस्तच नाही" ही तक्रार घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. त्यातल्या एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय ४६, राहायला मानेवाड्याला, शाळेत नोकरी. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ६.१ टक्के आली होती, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. घाबरून त्यांनी एकाच सोमवारी सगळं सुरू केलं: पहाटे पाचला उठून अंबाझरीला फिरणं, संध्याकाळी जिम, भात बंद. मानेवाड्याहून अंबाझरी म्हणजे अर्धं नागपूर ओलांडणं! पुढच्या आठवड्यात घरी पाहुणे आले, दोन दिवस चुकले आणि मग सगळंच थांबलं.

"मॅडम, माझ्यानं काही होऊनच नाही राहिलं," त्या म्हणाल्या. बूट त्यांनी दिवाणाखाली ढकलून ठेवले होते. समोर दिसले की घरातलं कोणीतरी विचारायचं, "आता किती दिवस?"

त्या बुटांबद्दल आम्ही बराच वेळ बोललो. दोन दिवसांच्या खंडाने शरीराचं काही बिघडलं नव्हतं. परत सुरू करायची लाज वाटत होती. घरच्यांच्या नजरेसमोर पुन्हा "पहिला दिवस" नको, म्हणून त्या सुरूच करत नव्हत्या. आळस हा शब्द मला इथे अन्यायाचा वाटतो.

हातातल्या घड्याळात दहा हजार पावलांचं लक्ष्य होतं. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातून रुळला, हे ऐकून त्यांना हायसं वाटलं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवते. तो सलग दहा मिनिटं तरी हवा, ही जुनी अट २०२० मध्ये निघाली. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग.

मग मी विचारलं, "तुमचा सगळ्यात वाईट दिवस असेल, तेव्हा काय जमेल?" बराच विचार करून त्या म्हणाल्या, "जेवण झाल्यावर गल्लीत दहा मिनिटं."

तेच ठरलं. जास्त जमलं तर आनंदच, पण हिशेब त्या दहा मिनिटांचाच. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस आणि भिंतीला हात लावून दंड. भात पुन्हा ताटात आला, थोडा कमी. सोबत वरण आणि भाजी जास्त. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर थांबून डॉक्टरांना गाठायचं, हेही बजावलं.

घरच्यांशी मात्र त्यांनाच बोलावं लागलं. "किती दिवस विचारू नका, सोबत या," असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. ते सोबत गेले नाहीत, पण विचारणं थांबलं.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला, तेव्हा चालणं घरातच, हॉल ते स्वयंपाकघर असं झालं. सासूबाईही खुर्चीची उठबस करू लागल्या. मध्ये लग्नसराईत आठवडाभर खंड पडला. पुढच्या सोमवारची वाट न पाहता त्या गुरुवारीच पुन्हा चालायला लागल्या. नंतरच्या तपासणीत एचबीएवनसी ६.० आलं. फरक फार नाही, आणि त्यांनी तो शांतपणे वाचून दाखवला. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.