यंत्र येण्याआधी कुलपं मोजून घे

अनेक आशीर्वाद.

क्वांटम संगणनात पीएचडी करू की बँकेतली माहिती-सुरक्षेची नोकरी घेऊ, असं विचारलंयस. नोकरी घे. प्रबंधाचे विषय तिथेच सापडतील.

क्वांटम संगणक हे यंत्र ‘सगळी उत्तरं एकदम तपासतं’ असं कुणी म्हटलं, तर त्याचं पुढचं ऐकू नकोस. क्युबिट, म्हणजे त्यातले माहितीचे मूळ घटक, मापले की हाती एकच उत्तर येतं. चुकीच्या उत्तरांच्या लहरी एकमेकींना खोडतील आणि बरोबरची उरेल, अशी मांडणी मोजक्याच प्रश्नांत जमते. रेणूंचं गणित हा त्यातला एक. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू साध्या तापमानाला नायट्रोजन बांधतात. त्यामागची रसायनक्रिया नेमकेपणानं मांडायला आजचे संगणक तोकडे पडतात. खरी आशा तिथे आहे.

दुसरा प्रश्न मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याचा. पीटर शोर यांनी 1994 मध्ये त्याची रीत दाखवली. इंटरनेटवरची माहिती झाकणारी कुलपं, म्हणजे गुप्तलेखनाच्या पद्धती, अशाच अवघड गणितांवर उभी आहेत; पुरेसं मोठं यंत्र आलं की त्यातली आरएसए आणि इलिप्टिक कर्व्ह ही दोन्ही कुलपं उघडतील. 2048 बिटांचं आरएसए फोडायला 2019 चा अंदाज होता 2 कोटी क्युबिट आणि 8 तास. मे 2025 मध्ये गुगलचे संशोधक क्रेग गिडनी यांनी तो 10 लाखांच्या आत आणि आठवड्याच्या आत आणला. गुगलच्या विलो चिपवर 105 क्युबिट आहेत. म्हणजे यंत्र अजून लांब आहे, पण नुसत्या कागदावरच्या सुधारणेनं अंतर वीसपटींनी घटलं. तारखेवर पैज लावू नकोस.

त्याऐवजी बेरीज कर: माहिती किती वर्षं गुप्त राहायला हवी, अधिक कुलपं बदलायला लागणारी वर्षं. ही बेरीज यंत्र यायला लागणाऱ्या वर्षांपेक्षा जास्त भरली, तर उशीर झालाच आहे. कारण आज तारेवरून जाणारी माहिती कुणीही साठवून ठेवू शकतो. ओटीपीचं आयुष्य काही मिनिटांचं. एचआयव्ही चाचणीच्या अहवालाचं जन्मभराचं.

नोकरीतले पहिले काही महिने कुलपांच्या यादीतच जातील. संकेतस्थळाची प्रमाणपत्रं, व्हीपीएन, एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर शिरायची सुरक्षित वाट), एटीएमची जोडणी, एचएसएम (किल्ल्या सांभाळणारं उपकरण), बॅकअप: प्रत्येकापुढे अल्गोरिदम, किल्लीची लांबी, मालक आणि बदलणार कोण. शेवटच्या रकान्यात बहुतेक ‘व्हेंडर’ येईल. खरं दुखणं तेच. साठवलेली माहिती झाकणाऱ्या एईएस-256 या कुलपाला हात लावू नकोस, ते क्वांटम यंत्रापुढेही टिकतं.

बदल किल्ली-अदलाबदलीपासून, म्हणजे जोडणीची दोन टोकं गुप्त किल्ली ठरवतात तिथून, सुरू कर. एक्स25519 ही आजची इलिप्टिक कर्व्ह पद्धत आणि एमएल-केईएम-768 ही क्वांटम यंत्राला न फुटणारी मानली जाणारी नवी, अशी जोडी चालव; ओपनएसएसएल 3.5 या गुप्तलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे. जोडी का? साइक नावाचा अशाच नव्या कुलपाचा उमेदवार 2022 मध्ये साध्या संगणकाच्या एका कोअरवर तासाभरात फुटला होता. नव्या गणितावर एकट्यानं भार टाकू नये.

बिघाड होईल तो आकारामुळे. 32 बाइटांच्या किल्लीसोबत आणखी 1184 बाइट येतात, पहिला संदेश एका पॅकेटात मावत नाही, आणि जुना फायरवॉल किंवा लोड बॅलन्सर (सर्व्हरांमध्ये भार वाटणारं उपकरण) जोडणी तोडतो. लॉगमध्ये नुसता ‘टाइमआउट’ दिसतो. चाचणी शाखांच्या जुन्या उपकरणांमागून कर, मुख्यालयातून नको.

डिजिटल सह्यांची घाई थोडी कमी, कारण आजची सही उद्या चोरता येत नाही. पण खोटी बनवता येईल, आणि मग डिजिटल सहीचा सातबारा किंवा कर्जाचा जुना करार खरा कोणता, हे सांगणार कसं? अशा कागदांवर जुनी सही विश्वासार्ह असतानाच नव्या पद्धतीचा वेळ-शिक्का घ्यावा लागेल. एमएल-डीएसए-65 या नव्या पद्धतीची सही 3309 बाइटांची, आजची इलिप्टिक कर्व्हची 64. स्मार्टकार्डांची त्यात दमछाक होते.

मोठ्या बँका हे निभावतील. तालुक्याच्या सहकारी बँकेकडे स्वतःचा क्रिप्टोग्राफर नसतो; तिची कुलपं कोअर बँकिंग पुरवणाऱ्याच्या हातात. म्हणून तिथे कराराच्या नूतनीकरणाआधी एक कलम घालून घे: फिप्स 203 आणि 204 (एमएल-केईएम आणि एमएल-डीएसए यांची अमेरिकी मानकं) कोणत्या तारखेपर्यंत, आणि उशीर झाला तर दंड किती. ‘क्वांटम-प्रूफ’ एवढंच लिहून आणलं, तर कागद परत पाठव.