रॅटला घूस म्हटलं तर चालेल का?

एका ताईंनी विचारलंय, भाची जळगावला एम. फार्म करतेय, प्रबंधाचा मराठी गोषवारा द्यायचाय. विषय असा की किडनी हळूहळू निकामी होत गेली की हृदय कसं बिघडतं हे बघायला प्राण्यांवरची जी मॉडेल्स (म्हणजे तो आजार मुद्दाम घडवलेले प्राणी) वापरतात त्यांची तुलना. आता रॅटही उंदीर आणि माऊसही उंदीर, त्यामुळे तिचं वाक्य झालंय "उंदरांपेक्षा उंदरांमध्ये परिणाम कमी". मग रॅटला घूस लिहायचं का?

नका लिहू. घूस हा वेगळाच प्राणी, इंग्रजीतला बँडिकूट, आणि तो शब्दसुद्धा तेलुगूतल्या पंदिकोक्कूवरून गेलेला. खान्देशात घूस कोणाला सांगावी लागत नाही, रात्रीतून ओट्याखालची माती उकरून सकाळी हा ढीग, आमची आजी ओरडायची "घूस शिरनी रे कनगीमा!" लॅबमधला पांढरा रॅट तो नव्हे.

आणि इथे फरक पुसून चालणारच नाही कारण तुलनेचा जीवच त्यात आहे. पाच-षष्ठांश शस्त्रक्रिया घ्या, एक किडनी पूर्ण काढायची आणि दुसरीचे तीनातले दोन भाग, म्हणजे सहातले पाच गेले. रॅटमध्ये यानंतर बीपी चढतं, हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, त्यात तंतू वाढतात. तेच माऊसच्या सी५७ब्लॅक/६ या नेहमीच्या जातीत केलं तर ती बरंच सोसते, १२९ नावाची जात मात्र लवकर ढासळते. दुसरी पद्धत खाद्यात अ‍ॅडेनीन नावाचं रसायन घालायची, त्यापासून बनणारे खडे किडनीच्या नळ्यांत अडकतात, रॅटला साधारण ०.७५ टक्के देतात तर माऊसला ०.२ च्या आसपास, वर माऊस त्या चवीला तोंड लावत नाही म्हणून केसीन (दुधातलं प्रथिन) मिसळतात. एवढं सगळं "उंदीर" मध्ये कोंबलं तर वाचणाऱ्याने डोस कोणाचा समजायचा?

माझं मत, सरळ रॅट आणि माऊस लिहा, पहिल्यांदा येतील तिथे "मोठा उंदीर" आणि "छोटा उंदीर" असं कंसात द्या. कॉम्प्युटरच्या माऊसशी कोणी गल्लत करणार नाही. मॉडेलला "आदर्श" तर अजिबात नको, आजारी प्राणी कसला आदर्श, आणि "नमुना" म्हटलं की रक्ताचा नमुना नाहीतर सातबाऱ्याचा गाव नमुना आठवतो. "प्रतिमान" चांगला शब्द आहे, पण मॉडेलही चालेल. भाचीचं वाक्य मग असं होईल: "त्याच शस्त्रक्रियेनंतर रॅटचं बीपी चढलं, सी५७ब्लॅक/६ माऊसचं फारसं नाही."