‘जिवंत पाणी’ : पाणी जिवंत कसे?

प्रश्न असा आला आहे : ‘एका ख्रिस्ती स्नेह्याच्या घरी प्रार्थनेत “जिवंत पाणी” हे शब्द ऐकले. पाणी जिवंत कसे असेल? मराठीत हे ओढूनताणून आणल्यासारखे वाटते. “जीवनदायी पाणी” किंवा सरळ “अमृत” का म्हणत नाहीत?’

माझ्या मते ‘जिवंत पाणी’ हेच योग्य आहे आणि ते बदलू नये. मराठीला ते परकेही नाही. विहीर खणताना तळाशी पाणी फुटले की आपण ‘जिवंत झरा लागला’ म्हणतो. आटणाऱ्या विहिरीतही एखादा झरा ‘अजून जिवंत’ असतो. ज्याला मागून पुरवठा आहे, जे आपल्या जोराने वर येते, ते जिवंत. आपण हे विशेषण झऱ्याला लावतो, बायबलाच्या जुन्या भागाची हिब्रू भाषा ते थेट पाण्यालाच लावते, एवढाच फरक. (धरणांच्या बातम्यांतला ‘जिवंत साठा’ आणि ‘मृत साठा’ मात्र वेगळा. तिथे दरवाजातून सोडता येणारे पाणी जिवंत आणि त्या पातळीखाली अडकलेले मृत.)

हिब्रूत शब्द आहेत ‘मायिम खायिम’, म्हणजे शब्दशः ‘जिवंत पाणी’, आणि त्यांचा पहिला अर्थ अगदी व्यवहारातला आहे : झऱ्याचे, वाहते पाणी. बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात अब्राहामाचा मुलगा इसहाक याचे चाकर खोऱ्यात खणतात आणि त्यांना असे पाणी लागते, तिथे गूढ काहीच नाही. ‘लेवीय’ या विधिनियमांच्या पुस्तकाच्या १४व्या आणि १५व्या अध्यायांत काही शुद्धिविधींसाठी हेच पाणी लागते. पुढे यहुदी धर्मशास्त्राने स्नानाच्या पाण्याच्या सहा पायऱ्या लावल्या, त्यांत जिवंत पाणी सर्वांत वरचे.

बायबल घडले त्या इस्राएल देशात पावसाळा हिवाळ्यात येतो आणि उन्हाळा कोरडा जातो. झरा नसेल तिथे लोक खडकात हौद खोदून, आतून गिलावा करून पावसाचे पाणी साठवत. गिलाव्याला तडा गेला की पाणी निघून जाई. हे डोळ्यांसमोर ठेवून यिर्मया या संदेष्ट्याचे वाक्य वाचावे (यिर्मया २:१३). माझ्या लोकांनी दोन अपराध केले, असे देव म्हणतो : जिवंत पाण्याचा झरा जो मी, त्या मला त्यांनी सोडले, आणि स्वतःसाठी पाणी न टिकणारे फुटके हौद खोदले. माझ्या वाचनात या शब्दांना धार्मिक अर्थ इथे सर्वांत ठसठशीतपणे चिकटतो, आणि तो झरा आणि हौद यांतल्या फरकावरच उभा आहे. ‘जीवनदायी’ म्हटले तर हा फरक पुसला जातो, कारण तहानलेल्याला हौदाचे पाणीही जीवनच देते.

आता ज्या प्रसंगामुळे हा शब्द प्रार्थनेत आला तो पाहू. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. शोमरोन प्रांतातल्या सूखार गावाबाहेर पूर्वज याकोबाची विहीर आहे. (आजच्या नाब्लुस शहराजवळ तीच विहीर म्हणून दाखवतात.) भर दुपारी दमून बसलेला येशू पाणी भरायला आलेल्या बाईकडे पाणी मागतो. यहुदी शोमरोनी लोकांशी संबंध ठेवत नसत, म्हणून यहुदी माणसाने शोमरोनी बाईकडे पाणी मागावे याचेच तिला नवल वाटते. तो म्हणतो, मी कोण हे तुला कळले असते तर तूच माझ्याकडे मागितले असतेस आणि मी तुला जिवंत पाणी दिले असते. ती ऐकते ते झऱ्याचे पाणी. म्हणून तिचा सवाल रोखठोक आहे : तुमच्याकडे पोहरा नाही, विहीर खोल, मग हे जिवंत पाणी आणणार कुठून? पुढे तर ती म्हणते, ते पाणी मला द्या, म्हणजे मला तहान लागणार नाही आणि इथवर भरायला यावे लागणार नाही. रोजची खेप चुकावी, हे तिचे मागणे किती खरे आहे! ‘अमृत’ म्हटले असते तर पोहऱ्याचा प्रश्न तिच्या तोंडी आलाच नसता आणि संवाद तिथेच संपला असता. ‘जिवंत पाणी’ दोन्ही अर्थ एकाच वेळी पेलते.

मूळ ग्रीकमध्ये आणखी एक बारकावा आहे. निवेदक आधी याकोबाच्या ‘झऱ्या’विषयी बोलतो. बाई मात्र ‘विहीर’ म्हणते, त्यासाठी ग्रीकमध्ये निराळा शब्द आहे. मग येशू पुन्हा ‘झरा’ शब्दावर येतो : मी देईन ते पाणी पिणाऱ्याच्या आत सार्वकालिक जीवनासाठी उपळत्या पाण्याचा झरा होईल. या ‘उपळत्या’साठी जे क्रियापद आहे तेच बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ३:८ मध्ये, बरा झालेला पांगळा उड्या मारू लागतो तिथे, वापरले आहे. आपला ‘उमाळा’ या अर्थाच्या फार जवळ जातो, कारण तो पाण्यालाही येतो आणि मनालाही.

योहानाच्याच सातव्या अध्यायात हाच शब्द यहुद्यांच्या मंडपांच्या सणाला येतो. त्या सणात रोज यरुशलेमेतल्या शिलोहाच्या तळ्यातून सोन्याच्या पात्रात पाणी आणून वेदीवर ओतत. कोरडा उन्हाळा संपत आलेला, पावसाची वाट पाहण्याचे दिवस. शेवटच्या दिवशी येशू उभा राहून मोठ्याने म्हणतो, तहानलेल्याने माझ्याकडे यावे, आणि जिवंत पाण्याच्या नद्या वाहतील असे सांगतो. हे तो पवित्र आत्म्याविषयी बोलला, असा खुलासा लगेच पुढच्या वचनात आहे. मराठी बायबलात या नद्या ‘अंतःकरणातून’ वाहतात. मूळ ग्रीक शब्द मात्र ‘पोट’ असा आहे, आणि मला तोच अधिक आवडतो. आपण मायाही पोटातूनच करतो.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीने जुना, साधा अर्थही सोडला नव्हता. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीस लिहिलेली ‘डिडाखे’ नावाची ग्रीक पुस्तिका सांगते : बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षेचे स्नान) जिवंत पाण्यात द्या. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड नसेल तर कोमट, आणि तेवढेही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. इथे जिवंत म्हणजे सरळ वाहते.

‘जीवनाचे पाणी’ हेही बायबलात आहे, पण ते वेगळे. शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण २२:१ मध्ये, देवाच्या आणि कोकऱ्याच्या (म्हणजे ख्रिस्ताच्या) राजासनातून ‘जीवनाच्या पाण्याची नदी’ निघते. तिथे ग्रीकमध्ये ‘जिवंत’ हे विशेषण नसून ‘जीवन’ हे नाम आहे, आणि मराठी भाषांतराने तो भेद नेमका राखला आहे. तेव्हा शोमरोनी बाईच्या संदर्भात ‘जिवंत पाणी’ आणि प्रकटीकरणातल्या नदीसाठी ‘जीवनाचे पाणी’ असे लिहावे. ‘अमृत’ आणि ‘जीवन’ हे दोन्ही शब्द अमरकोशात पाण्याच्याच नावांत येतात, हेही जाता जाता सांगायला हवे.