पाच जणांची बीएमएक्स (उड्या आणि कसरतींसाठीच्या २० इंची चाकांच्या छोट्या सायकली) टीम पुण्याहून मुंबईत न्यायची आहे. दोन दिवसांत स्ट्रीट रायडिंग (रस्त्यावरच्या पायऱ्या-कठड्यांवर ट्रिक करणं) आणि फोटो दोन्ही कसं जमवावं?

तुम्ही प्रश्नात गेटवे, सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, बीकेसी, वांद्रे आणि बेलापूर अशी यादी दिली आहे. आमच्या टीमबरोबर फोटो काढायला मी दोनदा मुंबईत जाऊन आलोय. त्यावरून सांगतो, यादीतली निम्मी नावं आत्ताच खोडा.

पहिल्या वेळी आम्हीही एका दिवसात सात जागा ठरवल्या होत्या. गाडीतून सायकली उतरवायच्या, अंग जरा गरम होतंय तोवर वॉचमन हटकणार, की पुन्हा सायकली गाडीत आणि आपण ट्रॅफिकमध्ये. संध्याकाळी कार्ड उघडून बघितलं तर कामाचे फोटो चार. स्ट्रीटवर ट्रिक पहिल्या झटक्यात बसत नाही. पार्कात रॅम्प तुमच्यासाठी बांधलेला असतो; रस्त्यावर पायरीची उंची, फरशीची फट, उतरायची जागा सगळं नवं असतं. रायडरला तीच ट्रिक दहा-पंधरा वेळा करावी लागते, आणि फोटोग्राफरलाही तेवढा वेळ लागतो. दुसऱ्या वेळी आम्ही दिवसाला दोनच जागा धरल्या, आणि जे काही चांगलं हाती लागलं ते तेव्हाच.

पुण्याहून येताना नवी मुंबई वाटेतच लागते, म्हणून शनिवार तिथेच घालवा. सिडकोने वसवलेल्या या शहरात स्टेशनांच्या भोवती काँक्रीटचे मोठे चौक, रुंद पायऱ्या आणि बसायचे कठडे आहेत. बेलापूरच्या ऑफिसांच्या भागात शनिवारी दुपारनंतर वर्दळ कमी होते. स्टेशनच्या हद्दीत मात्र सायकल चालवू नका. तिथे रेल्वे कायदा लागतो आणि कॅमेरा दिसला की आधी परवानगी विचारतात. बाहेरच्या चौकांतही कुणी थांबवलं तर वाद न घालता निघा. पेगने, म्हणजे चाकाच्या आसाला बसवलेल्या लोखंडी नळीने, कडेवरून घसरत जायचं (ग्राइंड) तर ते इथल्या काँक्रीटवर, आणि नीट घसरावं म्हणून कठड्याला मेण लावलंत तर निघताना खरवडून पुसून या. संध्याकाळी तिथेच कुणी आजी बसायला येते.

रविवारी पहाटे ईस्टर्न फ्रीवेने पी. डी'मेलो रोडला उतरा. तिथून बॅलार्ड इस्टेट जवळच आहे. माझ्या मते मुंबईत बीएमएक्सच्या फोटोसाठी याहून चांगली जागा नाही. गोदी खणताना निघालेल्या भरावावर पोर्ट ट्रस्टने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हा भाग उभा केला, आणि इमारतींना एकसारखं रूप दिलं ते जॉर्ज विटेटने, ज्याने गेटवे ऑफ इंडियाचाही आराखडा केला. आठवडाभर गजबजलेले रस्ते रविवारी सकाळी मोकळे असतात. दगडी दर्शनी भिंती, वर झाडांची कमान, आणि जानेवारीत सव्वासातनंतर हळूहळू खाली उतरणारं ऊन.

आम्हाला तिथे एका ऑफिसचा कमरेएवढा ओटा सापडला. ओट्यावरून उडी, फुटपाथ पूर्ण ओलांडायचा, हवेत अर्धी गिरकी आणि रस्त्यावर पाठमोरं उतरायचं. वॉचमनकाका चिपळूणकडचे निघाले. त्यांनी आधी सरळ नाही म्हटलं. आमच्यातल्या एकाने हेल्मेट काढून, सायकल भिंतीला टेकवून, नेमकं काय करणार ते सांगितलं, आणि दगडाला लोखंड लागणार नाही, फक्त टायर लागेल, हे हाताने दाखवलं. काका ओट्याच्या कडेवर बोटं फिरवत थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "साडेआठच्या आत आटपा, आणि पडलात तर मला सांगू नका."

सतरा वेळा केली पोराने ती उडी. नवव्यांदा कोपर सोललं, पाणी ओतून पुन्हा चढला. बाराव्या वेळेपासून काका स्वतःच रस्त्यात जाऊन टॅक्सीला हात दाखवून थांबवत होते. सतराव्या वेळी दोन्ही चाकं एकदम टेकली. तो आवाज अजून कानात आहे.

फोटोबद्दल एकच गोष्ट आग्रहाने सांगेन: रायडर कुठून आला आणि कुठे उतरणार, हे दोन्ही चौकटीत दिसू द्या. फिशआय लेन्स (कडा गोल वाकवून खूप रुंद दाखवणारी) जवळ नेली की उडी मोठी वाटते खरी, पण मग हा मुंबईचा फोटो राहत नाही. मी समोरच्या फुटपाथवर बसून २४ मिमी लेन्सने काढला. ओटा, फुटपाथ, रस्ता, मागे तीन मजले दगड, आणि त्यात छोटासा माणूस. शटर १/१००० ठेवलं. सावलीत फ्लॅश वापरायचा असेल तर बहुतेक कॅमेऱ्यांचं शटर फ्लॅशशी १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंतच जुळतं आणि तेवढ्यात हालचाल धूसर येऊ शकते, त्यामुळे उडीच्या सर्वोच्च बिंदूला, वेग मंदावतो त्या क्षणी बटण दाबा.

याच भागात पोर्ट ट्रस्टचं युद्धस्मारक आहे, त्याच्या पायऱ्यांना हात लावू नका. नौदलाच्या गेटकडे कॅमेरा वळवू नका, आणि ड्रोन घरीच ठेवा. गेटवे आणि सीएसएमटी मी खोडले ते गर्दी आणि बंदोबस्तामुळे. शिवाय त्या दगडावर पेग घासणं मला मान्य नाही.

मरीन ड्राइव्ह संध्याकाळसाठी. तिथे ट्रिक नको, कट्ट्यावर लोक बसलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत सूर्य मलबार हिलच्या मागे न जाता उघड्या समुद्रात बुडतो, त्यामुळे पाच सायकली आणि पाच जणांचा काळ्या आकृत्यांचा फोटो सहज मिळतो. सहाच्या आधी पोचा.

सामानात १५ आणि १७ नंबरचे पाने, ॲलन की, चेनची जोडकडी आणि प्रथमोपचाराचा डबा हवाच. ट्यूब संपल्या तर घाबरू नका. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे लहान मुलांच्या सायकलची २० इंची, २.१२५ ची ट्यूब मिळते आणि ती बीएमएक्सच्या टायरमध्ये व्यवस्थित बसते. फक्त तिचा वॉल्व्ह वेगळा असतो, तेव्हा पंप त्याच्याकडचाच वापरा. रविवारी अशी दुकानं उशिरा उघडतात, म्हणून दोन ट्यूब शनिवारीच घेऊन ठेवा.

पावसाळ्यात जाणार असाल तर बेत पुढे ढकला, ओल्या फरशीवर टायर धरत नाही. महिना कोणता ठरलाय ते खाली लिहा, म्हणजे कुठल्या रस्त्यावर ऊन किती वाजता येतं ते सांगतो.