2006 मध्ये जाहीर झालेला कर आला नसता तर कॅनडातल्या वृत्तपत्रांचे इन्कम ट्रस्ट, म्हणजे धंद्यातली रोकड हिस्सेदारांना नियमित वाटणारे ट्रस्ट, टिकले असते का? आज तसं मासिक वाटप देणारं काही दिसलं तर घ्यावं का?

नसते टिकले. आमच्या घरी दर गणपतीला यावरून खटका उडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या साडूंनी 2004 मध्ये ऑस्प्रे मीडिया या वृत्तपत्र कंपनीच्या ट्रस्टाची युनिटं, म्हणजे शेअरसारखे हिस्से, 10 डॉलरच्या भावाने घेतली. किंग्स्टन, पीटरबरो, सडबरी अशा ओंटारिओतल्या गावांची दैनिकं या कंपनीकडे होती. गावात दुसरा पेपर नाही, मग जाहिरातदार जाणार कुठे, हा त्यांचा हिशोब. दर महिन्याला खात्यात पैसे जमा व्हायचे आणि साडू त्याला बिनदिक्कत 'व्याज' म्हणायचे.

मी तेव्हा ओंटारिओतल्याच दुसऱ्या एका पेपरात छोट्या जाहिरातींचे फोन घ्यायचो. शनिवारच्या अंकासाठी शुक्रवारी दुपारपर्यंत मजकूर द्यावा लागे, त्यामुळे सकाळपासून मान वर करायला फुरसत नसायची. जुन्या गाड्या, भाड्याची बेसमेंटं, गॅरेज सेल, सगळं ओळीच्या हिशोबाने. 'वन ओनर' लिहू की गाळू, यावर लोक घासाघीस करायचे. पेपरची खरी मलई तिथे होती. ना बातमीदार लागतो, ना फोटोग्राफर. 2005 मध्ये कॅनडात छोट्या जाहिरातींची किजिजी ही वेबसाइट आली, तीही फुकट. आधी गाड्या गेल्या, मागोमाग बेसमेंटं. निधनवार्ता तेवढ्या राहिल्या. साडूंना हे सांगितलं तर म्हणाले, "तू फोनवर बसतोस, मी ताळेबंद बघतो." आता त्या ताळेबंदातली रोकड कुठून येते, ते फोनवर बसलेल्यालाच आधी कळणार ना!

ट्रस्टाची मेख तेव्हा अशी होती, की उत्पन्न युनिटधारकांना वाटून टाकलं की ट्रस्टाला त्यावर कर लागत नसे. त्यामुळे हाताशी येणारी बहुतेक रोकड वाटण्याकडेच कल. ज्या वर्षांत वेबसाइटवर पैसा ओतायला हवा होता, नेमक्या त्याच वर्षांत तो दरमहा बाहेर जात होता. बियाणं दळून भाकऱ्या थापायच्या आणि वर पीक चांगलं आलंय म्हणून सांगायचं.

31 ऑक्टोबर 2006 ला अर्थमंत्री जिम फ्लॅहर्टींनी जाहीर केलं, की जुन्या ट्रस्टांनाही 2011 पासून कर लागेल. दुसऱ्या दिवशी युनिटं आपटली. साडूंचं सगळं खापर आजतागायत फ्लॅहर्टींवर. ट्रस्टांवर कर लावणार नाही हा निवडणुकीत दिलेला शब्द त्यांच्या पक्षाने फिरवला, हे खरंच. पण 2007 मध्ये क्वेबेकर या माध्यम कंपनीने ऑस्प्रेची युनिटं 8.45 डॉलरने घेतली. कॅनवेस्ट या दुसऱ्या माध्यम कंपनीनेही आपला वृत्तपत्रांचा असाच ट्रस्ट 2005 मध्ये 10 डॉलरला बाजारात आणून 2007 मध्ये 9 डॉलरला परत घेतला. म्हणजे एक पैसा कर लागण्याआधीच दोन्हीकडचे युनिटधारक मोकळे झाले होते. जानेवारी 2010 मध्ये कॅनवेस्टचे पेपर धनकोंपासून संरक्षण मागायला कोर्टात गेले, तेव्हाही 2011 उजाडायचं होतं. मग कराने नक्की कोणाला मारलं?

साडू म्हणतात, मासिक वाटप धरलं तर मी फायद्यातच आहे. असतील. पण त्यांना तारलं ते भाव लावणाऱ्या खरेदीदाराने, आणि त्याचं श्रेय ते स्वतःच्या अभ्यासाला देतात.

कॅनवेस्टवर कर्ज अफाट होतं आणि 2008 ची मंदीही आडवी आली, तेव्हा सगळा दोष किजिजीला देत नाही. कॅनडात जागाजमिनीच्या बहुतेक ट्रस्टांना, म्हणजे रीट्सना, तो कर लागलाच नाही. त्यांना या माळेत ओवू नका.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं म्हणाल तर नुसता वाटपाचा टक्का बघून घेऊ नका, भाव पडला की टक्का आपोआप फुगतो. वाटपातलं उत्पन्न किती आणि तुमचंच भांडवल किती परत येतंय ते बघा. कॅनडात परत आलेलं भांडवल टी-3 स्लिपच्या, म्हणजे ट्रस्टाकडून करासाठी मिळणाऱ्या कागदाच्या, 42 व्या रकान्यात सापडतं. भारतात इन्व्हिट, म्हणजे रस्ते-वीजवाहिन्यांसारख्या पायाभूत प्रकल्पांचे ट्रस्ट, घेणार असाल तर वाटपाच्या सूचनेत व्याज, लाभांश आणि कर्जपरतफेड वेगवेगळी दाखवलेली असते. परतफेडीचा आकडा व्याजात मिळवून मला टक्का सांगू नका, ते काम आमचे साडू करतात.